एकाच नांवाचीं दोन राज्यें : १९५२ व १९५७ च्या लोकसभा-निकालपत्रकांची चिकित्सा

सन १९५७ च्या लोकसभा-निवडणुकीसंबंधीं आपल्याकडे दोन विधानें परंपरेनें चालत आलीं आहेत. एक असें कीं, मुंबई राज्यांत काँग्रेस विजयी झाली. दुसरें असें कीं, महाराष्ट्रानें काँग्रेसला धूळ चारून संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूनें कौल दिला. दोन्ही विधानांस छापील आधार दाखवितां येतो. निवडणूक आयोगाच्या निकालपत्रकांत मुंबई राज्याच्या ६६ जागांपैकीं ३८ काँग्रेसकडे नोंदलेल्या आहेत. तेव्हां पहिलें विधान खोटें नाहीं. त्याच पत्रकांत पुणें, सातारा, नाशिक, कुलाबा, ठाणें, रत्नागिरी व कोल्हापूर येथील विजयी नांवें पाहिलीं तर त्यांत एकही काँग्रेसचें नाहीं. तेव्हां दुसरेंही निराधार नाहीं. एकाच पोथींतून जेव्हां दोन परस्परविरुद्ध अर्थ निघतात, तेव्हां अर्थाशीं भांडण्यापूर्वीं पोथी तपासावी, ही रीति आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. प्रस्तुत लेखांत आम्हीं तेवढेंच करण्याचें योजिलें आहे.

कोणी म्हणेल, ताम्रपट व मोडी दफ्तरें सोडून कालपरवांच्या मतमोजणीशीं या त्रैमासिकाचा काय संबंध? यास उत्तर कालगणनेचेंच देतों. पेशवाई बुडाली १८१८ सालीं, आणि राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड निघाला १८९८ सालीं. मध्यें ऐंशी वर्षें गेलीं होतीं, आणि तेवढ्या अवधींत किती दप्तरें वाळवीनें खाल्लीं व किती वाण्याच्या पुड्यांना लागलीं याचा हिशेब कोणास देतां आला नाहीं. १९५७ च्या निवडणुकीस आतां सत्तर वर्षें होत आलीं. त्या वेळीं मताचा अधिकार एकविसाव्या वर्षीं मिळत असे. म्हणजे त्या दिवशीं प्रथमच मत देणारा तरुण आज नव्वदीच्या घरांत आहे. साक्षीदार जावयाचे व कागद रद्दींत जावयाचे, असा हा नेमका संधिकाल आहे. याच काळांत चिकित्सा न झाली तर पुढील पिढीस छापील कोष्टक तेवढें उरेल, आणि कोष्टक हें साधन दिसतें तितकें निरुपद्रवी नसतें.

आतां पोथीकडे वळूं. पहिली अडचण राज्याच्या नांवाचीच आहे. अलंकारशास्त्र शिकविणाऱ्या प्रत्येकास 'सैंधव' शब्दाचें उदाहरण ठाऊक असतें. जेवणाच्या वेळीं सैंधव मागितलें तर मीठ आणावयाचें, प्रवासास निघतांना मागितलें तर घोडा. शब्द एकच, प्रसंग पाहिल्यावांचून अर्थ लागत नाहीं. आयोगाच्या पत्रकांतील 'मुंबई राज्य' हें असेंच सैंधव आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकींत त्या नांवाखालीं गुजरातचे जिल्हे, मुंबई शहर, कोंकण, खानदेश, देशावरील जिल्हे आणि बेळगांव, धारवाड, विजापूर, कारवार हा कानडी मुलूख इतका प्रदेश होता. सौराष्ट्र व कच्छ त्यांत नव्हते. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा व चांदा हे आठ मराठी जिल्हे मध्यप्रदेशांत होते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पांच हैदराबाद राज्यांत. (या लेखांत स्थळांचीं नांवें त्या त्या काळच्या पत्रकांत जशीं आहेत तशींच ठेविलीं आहेत.) पुढें १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना झाली. कानडी जिल्हे म्हैसूर राज्यांत गेले, मात्र बेळगांवांतील चंदगड तालुका इकडे राहिला. सौराष्ट्र, कच्छ, वऱ्हाड-नागपूर व मराठवाडा हे येऊन मिळाले. नांव मात्र तेंच राहिलें. पांच महिन्यांच्या आंत, १९५७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें, या नव्या राज्यांत लोकसभेचें मतदान झालें.

परिणाम असा कीं, 'मुंबई राज्यांत काँग्रेसच्या जागा १९५२ मध्यें ४५ पैकीं ४० होत्या, त्या १९५७ मध्यें ६६ पैकीं ३८ झाल्या' हें वाक्य प्रत्येक आंकडा बरोबर असूनही निरर्थक ठरतें. शेंकडा एकोणनव्वदांवरून शेंकडा अठ्ठावन्नांवर घसरण झाली असें त्यावरून म्हणणारा लेखक दोन निराळ्या मुलुखांची तुलना करीत असतो. इतिहासाच्या अभ्यासकास ही चूक अपरिचित नाहीं. एखाद्या परगण्याचा वसूल घटला असें जमाबंदीवरून दाखवावें आणि मागाहून कळावें कीं मधल्या काळांत त्यांतील दोन तर्फा तोडून शेजारच्या परगण्यास जोडल्या होत्या, असा हा प्रकार. जुन्या दप्तरांच्या बाबतींत आपण ही सावधगिरी बाळगतों. छापील इंग्रजी अहवाल हातीं आला कीं ती कां गळून पडते, हें आम्हांस कोडें आहे.

मराठी मुलुखाची १९५२ ची स्थिति पाहावयाची तर तीन कोष्टकें उघडावीं लागतात. मुंबईच्या कोष्टकांत ४५ पैकीं ४० जागा काँग्रेसच्या. मध्यप्रदेशच्या कोष्टकांत २९ पैकीं २७. हैदराबादच्या कोष्टकांत मात्र २५ पैकीं १४ च. या शेवटच्या आंकड्यावरून 'मराठवाड्यांत काँग्रेस दुबळी होती' असें अनुमान कोणी काढील, तर तेंही सपशेल चुकेल. कारण हैदराबादेंतील बिगरकाँग्रेस जागांपैकीं सात लोकशाही आघाडीच्या होत्या, आणि त्या आघाडीचें बळ मुख्यतः तेलंगणांत होतें. मराठवाड्याचा निकाल वेगळा काढावयाचा तर मतदारसंघ एकेक करून उचलावे लागतात. राज्याची बेरीज येथें कुचकामी आहे.

बरें, मतदारसंघाच्या नांवावर तरी विसंबावें काय? तेंही नाहीं. १९५२ सालीं 'मुंबई शहर उत्तर' या द्विसदस्य मतदारसंघांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते व त्यांचा पराभव झाला. १९५७ सालीं 'मुंबई शहर उत्तर' मधून व्ही. के. कृष्ण मेनन निवडून आले. ज्या मतदारांनीं आंबेडकरांस नाकारलें त्यांनींच पांच वर्षांनीं मेनन यांस डोक्यावर घेतलें, अशी आकर्षक सांगड सहज घालतां येते. पण १९५७ चें 'उत्तर' हें मुख्यतः उपनगरांकडे सरकलेलें असून एकसदस्य आहे. १९५२ च्या 'उत्तर'मधील गिरणगांवाचा वारस 'मुंबई शहर मध्य' हा नवा द्विसदस्य मतदारसंघ होय, आणि तेथून निवडून आले कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे व शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे गो. का. माने. म्हणजे ज्या वस्तींत फेडरेशनचा संस्थापक पडला, त्याच वस्तींत त्याच्या निधनानंतर तीन महिन्यांच्या आंतबाहेर त्याच्या पक्षाचा उमेदवार निवडून आला. नांवामागें जाणाऱ्यास ही गोष्ट कधींच दिसणार नाहीं. मतदारसंघाचें नांव हें गोत्रासारखें आहे. त्यावरून कुळ कळतें, व्यक्ति कळत नाहीं.

आंबेडकरांच्या त्या पराभवावर थोडें थांबणें अवश्य आहे, कारण निकालपत्रकाचें मौन कसें असतें याचें तें उत्तम उदाहरण आहे. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांस १,३८,१३७ मतें व आंबेडकरांस १,२३,५७६ मतें पडलीं. अंतर १४,५६१. पत्रक येथेंच संपतें. परंतु द्विसदस्य मतदारसंघांत प्रत्येक मतदारास दोन मतें असत, आणि तीं दोन निराळ्या उमेदवारांस देणें कायद्यानें बंधनकारक होतें. दोन्ही मतपत्रिका एकाच उमेदवाराच्या पेटींत टाकल्यास त्यांतील एकच धरली जाई व दुसरी बाद होई. आंबेडकर व अशोक मेहता यांनीं या निवडणुकीविरुद्ध जो अर्ज केला, त्यांत बाद ठरलेल्या मतपत्रिकांची संख्या ७४,३३३ सांगितली आहे. अर्ज फेटाळला गेला, हें खरें. तरी जय-पराजयाच्या अंतराच्या पांचपटींहून अधिक मतें जेथें बाद झालीं असें सांगितलें जातें, तेथें केवळ वैध मतांची बेरीज वाचून 'लोकांनीं आंबेडकरांस नाकारलें' असें लिहिणें हें त्रुटित शिलालेखाच्या उरलेल्या ओळी सलग वाचण्यासारखें आहे. अक्षरें झिजलीं आहेत ती जागा निदान टिंबांनीं तरी दाखवावी. १९५४ सालीं भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकींतही आंबेडकर पडले व त्याच द्विसदस्य संघांतून अशोक मेहता निवडून आले; दोन मतांच्या या पद्धतीचा अभ्यास केल्यावांचून तो निकालही उलगडावयाचा नाहीं.

दोन मतांची ही पद्धति एवढ्यावर थांबत नाहीं. ती सबंध पत्रकाच्या अंकगणितांत शिरली आहे, आणि आमच्या मतें बहुतेक गोंधळाचें मूळ तिच्यांतच आहे. पहिल्या निवडणुकीच्या अखिल भारतीय बेरजेंत मतदारांची संख्या १७,३२,१२,३४३ आहे व वैध मतें १०,५९,५०,०८३ आहेत. भागाकार केला तर शेंकडा ६१.१७ येतात, आणि पहिल्या निवडणुकींत शेंकडा एकसष्ट लोकांनीं मतदान केलें, हें विधान बऱ्याच ठिकाणीं वाचावयास मिळतें. इतरत्र तेंच प्रमाण पंचेचाळीसच्या अलीकडेपलीकडे दिलेलें असतें. खरा पाठ कोणता?

वाचकांनीं कागद-लेखणी घेऊन आमच्याबरोबर हिशेब करावा. त्या वेळीं ३१४ मतदारसंघ एक जागेचे, ८६ दोन जागांचे व उत्तर बंगालमधील एक तीन जागांचा होता. एकूण जागा ४८९. मतदारांची संख्या जागांच्या प्रमाणांत होती असें धरलें, तर ३१४ भागांतील माणसास एक मत, १७२ भागांतील माणसास दोन मतें व ३ भागांतील माणसास तीन मतें. म्हणजे ३१४ अधिक ३४४ अधिक ९, एकूण ६६७. यास ४८९ नीं भागलें असतां दर मतदारामागें सरासरी १.३६४ मतें पडतात. आतां ६१.१७ ला १.३६४ नें भागावें; उत्तर ४४.८५ येतें. म्हणजे एकसष्ट हा मतांचा आंकडा आहे, माणसांचा नव्हे. मतदानकेंद्रावर गेलेलीं माणसें शेंकडा पंचेचाळीसच होतीं. हीच कसोटी १९५७ ला लावून पाहिली. मतदार १९,३६,५२,१७९, मतें १२,०५,१३,९१५, भागाकार ६२.२३. मतदारसंघ ३१२ एकसदस्य व ९१ द्विसदस्य, जागा ४९४. सरासरी मतें १.३६८; भागून आलें ४५.४८. छापील प्रमाण ४५.४४ आहे. इतकें जुळल्यावर पाठनिश्चितीस आणखी पुराव्याची गरज उरत नाहीं असें आम्हांस वाटतें. गणित प्राथमिक शाळेंतलें आहे, पण तें केल्यावांचून एकसष्टाचा अपपाठ एका ग्रंथांतून दुसऱ्यांत उतरत राहतो.

प्रादेशिक निकालाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. एका प्रदेशांतील सर्व मतें बेरजेस घेऊन अमुक पक्षास शेंकडा इतकीं मतें मिळालीं असें आपण सांगतों. एक जागेच्या संघांत चार लाख मतदार आहेत व निम्मे आले असें समजूं. मतें पडलीं दोन लाख. शेजारच्या दोन जागांच्या संघांत मतदार आठ लाख, आले चार लाख, पण मतें पडलीं आठ लाख. जागा दुप्पट, मतांचें वजन मात्र चौपट. तेव्हां ज्या प्रदेशांत द्विसदस्य संघ अधिक, त्याच्या टक्केवारीवर त्या संघांचा प्रभाव अवाजवी पडतो. शिवाय एका पक्षानें दोन उमेदवार उभे केले व दुसऱ्यानें एकच, तर दुसऱ्याचें बळ कोष्टकांत अर्धें दिसतें. समितीचें तर याहून विचित्र झालें. मुंबई शहर मध्यमध्यें समितीच्या ज्या मतदारानें एक पत्रिका डांग्यांस व एक मान्यांस दिली, त्याचें एक मत कम्युनिस्टांच्या सदरीं व एक फेडरेशनच्या सदरीं जमा झालें. कोल्हापुरांत भाऊसाहेब महागांवकर शेतकरी कामगार पक्षाचे व शंकरराव दिगे फेडरेशनचे. तेथेंही तोच प्रकार. एका माणसाचें एका भूमिकेस दिलेलें मत दोन पक्षांत वांटलें गेलें, आणि त्या भूमिकेचें नांव पत्रकांत कोठेंच आलें नाहीं.

येथें आम्ही मुख्य मुद्द्यापाशीं आलों. १९५७ च्या पत्रकांत 'संयुक्त महाराष्ट्र समिति' हें सदरच नाहीं. समिति ही ६ फेब्रुवारी १९५६ रोजीं पुण्यांत स्थापन झालेली अनेक पक्षांची आघाडी होती. आयोगाच्या लेखीं पक्ष नव्हती. म्हणून तिचे उमेदवार प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, जनसंघ व अपक्ष अशा सदरांत विखुरले आहेत. मतपेटीपाशीं हें कसें दिसत असेल याचा विचार करावा. त्या काळीं प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, तिच्यावर त्याचें चिन्ह चिकटविलेलें असे, आणि मतदार आपली कोरी पत्रिका हव्या त्या पेटींत टाकी. शिक्का मारण्याची पद्धति पुढें आली. रत्नागिरी मतदारसंघांत समितीस मत द्यावयाचें तर तें पणतीच्या पेटींत टाकावयाचें, कारण तेथील प्रेमजीभाई आशर जनसंघाचे. त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेस राजापूर मतदारसंघांत नाथ पै यांच्या झोपडीच्या पेटींत. साताऱ्यास क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कणीस-विळ्याच्या पेटींत. नाशकास दादासाहेब गायकवाडांच्या हत्तीच्या पेटींत. एका मागणीचीं ही चार रूपें निरक्षर मतदारास समजावून सांगण्याचें काम कोणीं व कसें केलें, याची हकीकत कोणत्याही कोष्टकांत नाहीं. ती असेल तर गांवोगांवच्या हस्तपत्रकांत असेल.

कोष्टकावर विसंबून कोणी लिहील कीं, १९५७ सालीं साताऱ्यानें साम्यवाद स्वीकारला व रत्नागिरीनें जनसंघाचें तत्त्वज्ञान. हसूं येईल असें हें अनुमान आहे. पण जनसंघाच्या वाढीचा आलेख काढतांना त्या वर्षींच्या देशांतील त्याच्या चार जागांपैकीं दोन मुंबई राज्यांतल्या म्हणून सरळ मोजल्या जातात, तेव्हां कोणी हसत नाहीं. त्या दोन जागा आघाडीच्या आश्रयानें आल्या होत्या, एवढी टीप तरी हवी.

'अपक्ष' हें सदर तर फारच फसवें आहे. जुन्या सुभाषितसंग्रहांत ज्या श्लोकाचा कर्ता ठाऊक नाहीं त्याखालीं 'कस्यापि' असें लिहिलेलें आढळतें. त्यावरून 'कस्यापि' नांवाचा एक मोठा कवि होऊन गेला असें कोणी मानीत नाहीं. पण निवडणुकीच्या कोष्टकांत अपक्षांची बेरीज एखाद्या पक्षाच्या बेरजेप्रमाणें शेजारीं मांडली जाते व टक्केवारीही काढली जाते. १९५७ च्या मुंबई राज्यांत अपक्षांच्या ८ जागा आहेत. त्यांत अहमदाबादचे इंदुलाल याज्ञिक आहेत, जे महागुजरात जनता परिषदेचे पुढारी; पूर्व खानदेशचे नौशेर भरुचा आहेत; अहमदनगरचे रघुनाथ केशव खाडिलकर आहेत, जे मजूर किसान पक्षाचे. महागुजरातवाल्यांस द्वैभाषिक नको होतें व समितीसही नको होतें. पण एकास गुजरातचें राज्य हवें होतें, दुसऱ्यास मुंबईसह महाराष्ट्राचें. ज्या राज्याचे तुकडे करण्यासाठीं हे लोक निवडून आले, त्याच राज्याच्या कोष्टकांत ते एका सदराखालीं शेजारीं बसले आहेत.

आणखी एक नांव या संदर्भांत विसरतां येत नाहीं. ज्या बैठकींत समितीचा जन्म झाला तिचे अध्यक्ष केशवराव जेधे होते. १९५७ च्या पत्रकांत तेच जेधे बारामतीहून निवडून आलेले दिसतात, आणि त्यांच्यापुढें काँग्रेसचें नांव आहे. हा विरोध लेखकाच्या प्रमादानें आलेला नसून प्रत्यक्ष घडलेला आहे. काँग्रेसमध्यें असूनही संयुक्त महाराष्ट्र हवा असणारीं माणसें पुष्कळ होतीं. तेव्हां काँग्रेसला पडलेलें प्रत्येक मत संयुक्त महाराष्ट्राविरुद्ध मोजणें हें जितकें चूक, तितकेंच समितीच्या घटकपक्षांस पडलेलें प्रत्येक मत त्या त्या पक्षाच्या तत्त्वांस मोजणें चूक.

इतकी चाळण लावल्यावर काय उरतें? आमचें मत स्पष्ट आहे. मुंबईच्या गिरणगांवापासून कोंकण, नाशिक, पुणें, सातारा, कोल्हापूर या सलग पट्ट्यांत १९५७ चा कौल समितीच्या बाजूनें इतका निःसंदिग्ध आहे कीं, मधली बारामतीसारखी जागा अपवादच ठरते. मुंबई शहरांतही दक्षिणेस स. का. पाटील व उत्तरेस मेनन हे काँग्रेसचे राहिले. शहर समितीनें एकहातीं घेतलें असें म्हणतां येत नाहीं. वऱ्हाड-नागपुराकडे वळलें कीं चित्र पालटतें. अमरावतीस पंजाबराव देशमुख, नागपुरास अनसूयाबाई काळे, वर्ध्यास कमलनयन बजाज, सर्व काँग्रेसचे. मराठवाड्यांत औरंगाबादेहून स्वामी रामानंद तीर्थ काँग्रेसकडूनच निवडून आले. नांदेडच्या द्विसदस्य संघांत मात्र एक जागा काँग्रेसच्या देवराव कांबळ्यांस व दुसरी फेडरेशनच्या हरिहरराव सोनुल्यांस मिळाली. गुजरातेंत अहमदाबाद याज्ञिकांचें, तर सुरत मोरारजी देसायांचें. काँग्रेसच्या ३८ जागा या अशा मुख्यतः गुजरात, सौराष्ट्र, विदर्भ व मराठवाडा येथून आल्या आहेत.

तेव्हां 'महाराष्ट्रानें कौल दिला' हें वाक्य जसेंच्या तसें टिकत नाहीं. पश्चिम महाराष्ट्रानें व कोंकणानें कौल दिला, हें टिकतें. हें लिहितांना आम्हांस संकोच होत नाहीं असें नाहीं. ज्या चळवळींत शंभराहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं तिच्या स्मृतीशीं हिशेबी भाषेंत बोलणें कोणासच रुचत नाहीं. पण विदर्भ-मराठवाड्यांतील मतदारांचें मत पुसून टाकून एकमुखी महाराष्ट्र उभा करणें हाही त्या मतदारांवर अन्यायच आहे. त्यांनीं काँग्रेसला मत दिलें तें द्वैभाषिक आवडत होतें म्हणून, कीं निराळें विदर्भ हवें होतें म्हणून, कीं उमेदवार ओळखीचा होता म्हणून, याचा शोध स्वतंत्रपणें व्हावयास हवा. समितीच्या विजयकथेंत त्यांस मुकाट्यानें ओढून घेणें हा शोध नव्हे.

पुढच्या निवडणुकीनें या वाचनास एक प्रकारें पुष्टिच दिली. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि १९६२ सालीं त्याच्या ४४ जागांपैकीं ४१ काँग्रेसनें जिंकल्या. समितीचा सारा पट्टा पांच वर्षांत उलटला. मागणी पुरी झाल्यावर ती मागणीच ज्यांस जोडीत होती ते पक्ष सुटे झाले. जे तिघे काँग्रेसबाहेरचे निवडून आले त्यांत राजापूरचे नाथ पै प्रजासमाजवादी. राहिलेले दोघे 'अपक्ष', आणि दोघेही विदर्भांतले : नागपुराहून लोकनायक बापूजी अणे व चांद्याहून लाल श्यामशाह. अणे हे वेगळ्या विदर्भाच्या मागणीचे. म्हणजे पुन्हां एक प्रादेशिक भूमिका 'कस्यापि' या सदराखालीं लपली. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानें रद्द झाले होते, म्हणून १९६२ चें अंकगणित तरी स्वच्छ आहे. पण त्यामुळेंच १९५७ व १९६२ च्या टक्केवाऱ्या शेजारीं मांडतांना दुप्पट सावधगिरी हवी. त्या दोन निराळ्या मापांनीं मोजलेल्या आहेत.

उरली गोष्ट साधनांची. समितीचा उमेदवार कोण हें सांगणारा साक्षीदार म्हणजे त्या वेळचीं वृत्तपत्रें. अत्र्यांचा दैनिक 'मराठा' १५ नोव्हेंबर १९५६ रोजीं निघाला तो याच चळवळीसाठीं. त्याची साक्ष प्रत्यक्षदर्शी, पण पक्षकाराची. पुण्याचे 'केसरी' व 'सकाळ', नागपूरचा 'तरुण भारत' व मराठवाड्यांतील 'मराठवाडा' हीं त्याच्याशीं ताडून पाहिल्यावांचून एकट्या 'मराठ्या'वरून यादी बनवूं नये. वृत्तपत्रांच्या पलीकडे जें आहे तें संग्राहकांच्या हातीं आहे : हस्तपत्रकें, चिन्हांचीं चित्रें, गांवच्या मतदारयाद्या, मोजणीस बसलेल्या प्रतिनिधींच्या वह्या, पुढाऱ्यांच्या दौऱ्यांचे जमाखर्च. पहिल्या निवडणुकीच्या मतदारयाद्यांचें तर स्वतंत्र मोल आहे. उत्तरेकडील प्रांतांत अनेक स्त्रियांनीं स्वतःचें नांव न सांगतां 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेंच सांगितलें, आणि सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांचीं नांवें याद्यांतून वगळावीं लागलीं. आपल्याकडील याद्यांत स्त्रियांचीं नांवें कशीं नोंदलीं आहेत हें जिल्हावार पाहण्याजोगें आहे. पण त्यासाठीं याद्या शिल्लक हव्यात.

असा कागद हातीं आल्यास संग्राहकांनीं एवढें करावें. त्याच्या पाकिटावर गांव, तालुका, तेव्हांचा जिल्हा व तेव्हांचा लोकसभा-मतदारसंघ हीं चार नांवें लिहावीं, आणि आजचा जिल्हा निराळ्या शाईनें कंसांत टाकावा. जालन्याचा कागद औरंगाबादेच्या गठ्ठ्यांत असावयाचा, कारण जालना जिल्हा १९८१ सालचा. लातूरचा उस्मानाबादेंत, कारण तो १९८२ चा. सावंतवाडी-मालवणचे कागद रत्नागिरींत, कारण सिंधुदुर्गही १९८१ चाच. कागदावर 'समितीचा उमेदवार' असे शब्द छापलेले असतील तर छापखान्याचें नांव व तारीख, जी बहुधा तळाशीं बारीक अक्षरांत असते, ती कापली जाणार नाहीं अशा बेतानें घडी घालावी.